ज्याचा त्याचा कान

आंधळ्याचा हात धरून त्याला रस्त्यापलीकडे नेणारा माणूसही बहिऱ्याशी बोलताना हसतो. नाटकात, वगात, गोष्टीत बहिरा आला की लोक आधीपासूनच हसायला तयार असतात. मीही हसलो आहे. परंतु गेल्या ज्येष्ठात आकुर्डीतल्या एका दोन खोल्यांच्या स्टुडिओत जे घडले, त्यानंतर ते हसू माझ्या ओठांवर येत नाही. आणि घडले तरी काय? एक बटण चुकून चालू राहिले, एवढेच!

आमचे अण्णा मूळचे सातारा जिल्ह्यातले. तरुणपणी भोसरीला प्रेस शॉपमध्ये लागले आणि पुढे चाकणला गेले. सत्तावीस वर्षे पत्र्यावर पडणाऱ्या प्रेसच्या दणक्यात त्यांनी काढली. आमचा हा भाग मोठा मजेदार आहे. एकीकडे देहू, दुसरीकडे आळंदी आणि मधोमध कारखान्यांचे भोंगे. पहिल्या पाळीला जाणारा माणूस रात्री हरिपाठाला हजर असतो. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आकुर्डीला असतो, त्यामुळे ज्येष्ठ उजाडला की आमच्या भजनी मंडळात धामधूम सुरू होते. अण्णा तिथले मुख्य गायक. पालखी येण्याआधी पाच अभंग ध्वनिमुद्रित करून सर्वांच्या मोबाइलवर पाठवावेत असे मंडळाने ठरवले आणि ते काम माझ्या गळ्यात पडले. कारण माझ्या एका मित्राचा स्टुडिओ आहे आणि सुट्टीत मी तिथे लुडबुड करीत असतो.

स्टुडिओ म्हणजे काय, तर बाहेरच्या खोलीत गायक, आतल्या खोलीत आम्ही, मध्ये काचेची खिडकी. पूर्वी ज्या कामाला खोलीभर पसरलेला मिक्सर लागे, ते काम आता हाताच्या तळव्याएवढी पेटी आणि संगणकाच्या पडद्यावरचे एक चित्र करते. मित्राकडे जर्मनीच्या आरएमई कंपनीची पेटी आहे आणि तिच्यासोबत येणारे टोटलमिक्स नावाचे सॉफ्टवेअर. पडद्यावर तीन ओळी दिसतात. वरच्या ओळीत माइकवरून आत येणारे आवाज, मधल्या ओळीत संगणकातून वाजणारे, म्हणजे आधी मुद्रित केलेले आवाज, आणि खालच्या ओळीत बाहेर जाण्याच्या वाटा : एक आमच्या स्पीकरकडे, एक गायकाच्या हेडफोनकडे. कोणता आवाज कोणत्या वाटेने किती सोडायचा, हे आपण ठरवायचे. गंमत अशी की प्रत्येक वाटेचे मिश्रण वेगळे ठेवता येते. पखवाज आमच्याकडे मोठा असेल, तर गायकाकडे तोच लहान ठेवता येतो. एकाच गाण्याची दोन रूपे एकाच क्षणी दोन खोल्यांत चाललेली असतात.

टाळ आणि पखवाज आम्ही आदल्या दिवशीच मुद्रित करून ठेवले होते. अण्णांनी हेडफोन लावून त्यावर गायचे होते. पहिल्याच अभंगाला ते रेंगाळू लागले. मित्राच्या लगेच ध्यानात आले. अण्णांचा आवाज संगणकात जाऊन मग त्यांच्या कानी परत येत होता. संगणक आवाजाचे तुकडे पाडून काम करतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेताना १,०२४ नमुन्यांचा तुकडा धरला, तर जाताना साधारण २१ मिलिसेकंद आणि येताना तेवढेच जातात. पंधरा मीटरांवर उभे राहून कुणी आपलीच नक्कल करावी, तसे ते होते. मित्राने ती वाट बंद केली आणि वरच्या ओळीतला आवाज पेटीतूनच थेट हेडफोनला जोडला. उशीर जवळजवळ नाहीसा झाला. अण्णांच्या आवाजात जीव आला. पण ठेका तरीही सुटतच राहिला. तीनदा घेतले, तीनदा सुटला.

मी वैतागलो. मित्राला म्हणालो, "अण्णांना टाळ ऐकूच येत नाहीये रे. कान गेलेत त्यांचे. आज ठीक आहे म्हणून त्यांना घरी पाठवू आणि नंतर दुसऱ्या कुणाकडून गाऊन घेऊ. त्यांना काय कळणार आहे!"

काचेपलीकडे अण्णांनी मान वर केली. मित्राचा चेहरा पांढराफटक पडला. पडद्यावर टॉकबॅकचे बटण पेटलेले होते. गायकाला सूचना द्यायची, तर आमच्या खोलीतला माइक त्या बटणाने त्याच्या हेडफोनला जोडायचा असतो. ते बंद करायला मी विसरलो होतो. माझा प्रत्येक शब्द, उशीर न होता, अण्णांच्या कानात पोचला होता.

मी बाहेरच्या खोलीत गेलो. काय बोलावे ते सुचेना. अण्णांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि ते शांतपणे म्हणाले, "टाळ ऐकू येत न्हाई ह्ये तुला आज कळलं. मला धा वर्सं झाली, ठाव हाय."

"मग मंडळात ठेका कसा धरता?"

"टाळकऱ्यांच्या हाताकडं बघून. हितं हातच न्हाईत, बघू कुनाकडं?"

दहा वर्षे हा माणूस डोळ्यांनी टाळ ऐकत होता आणि त्यांच्याच पुढच्या रांगेत बसून मला ते दिसले नव्हते! घरात टीव्ही मोठा लावतात म्हणून मी चिडत असे. "तुम्ही पोरं पुटपुटता," असे ते म्हणत, तेव्हा मी हसत असे. सततच्या गोंगाटाने कान जातो तो एकदम जात नाही. आधी ४,००० हर्ट्झच्या आसपासचे उंच आवाज जातात. बोलण्यातले स्वर राहतात, पण स, श यांसारखी व्यंजने निसटतात. पखवाजाची थाप राहते, टाळाची किणकिण जाते.

मित्राने मग एक गोष्ट केली. टाळ आणि पखवाज संगणकातून एकाच वाटेने येत होते, ते त्याने दोन वेगळ्या वाटांनी आणले. मधल्या ओळीत टाळाची दांडी स्वतंत्र झाली. केवळ अण्णांच्या हेडफोनच्या मिश्रणात पखवाज खाली घेऊन तो टाळ चढवू लागला. सगळाच आवाज वाढवला असता, तर उरलेल्या कानालाही इजा झाली असती. "काका, आता?" "अजून." "आता?" "अजून थोडा... हां! आला बघ." अण्णांचे बोट आपोआप मांडीवर चालू लागले. चौथ्या खेपेला अभंग सम चुकल्याशिवाय पुरा झाला.

ते उठून गेल्यावर मी त्यांचा हेडफोन कानाला लावला. टाळ असा कर्कश येत होता की मला तो अर्धा मिनिटही सोसला नाही. सत्तावीस वर्षांत अण्णांच्या कानातून काय काय गेले, याचा हिशोब मला त्या दांडीच्या उंचीने सांगितला. १९४८ च्या कारखाने कायद्यात ज्या आजारांची खबर सरकारला देणे सक्तीचे होते, त्यांच्या यादीत गोंगाटाने येणारा बहिरेपणाही होता. अण्णांची खबर कुणी दिली नाही. अण्णांनी ती मागितलीही नाही, आणि त्यांच्या पगारावर शिकलेला मुलगा घरी असूनही त्याने ती घेतली नाही.

अभंग सर्वांच्या मोबाइलवर गेले. त्यांत टाळ जेवढा हवा तेवढाच आहे. ऐकणाऱ्याला काही वेगळे जाणवत नाही. परवा एकादशीच्या भजनाला मी टाळ घेऊन बसलो. दरवेळच्या कोपऱ्यात न बसता अण्णांच्या बरोबर समोर बसलो आणि हात नेहमीपेक्षा जरा उंच धरले.