दुःख कॅमेऱ्याला दिसत नाही

माझं गाव भालकी तालुक्यात, बी.कॉम. गुलबर्ग्याला (आताचं कलबुर्गी), आणि पुढं सगळी नोकरी बँकेत. सत्तरी ओलांडल्यावर सिनेमाची पटकथा लिहायला बसेन असं कधी वाटलं नव्हतं.

नात पुण्यात सिनेमाचं शिकते. तिला दहा मिनिटांची फिल्म करायची होती. म्हणाली, "आबा, १९७२ च्या दुष्काळात पणजोबांनी बैल विकले ना, ते लिहून द्या." मी सात फुलस्केप लिहून पाठवले. रात्री तिचा फोन. "आबा, ही आठवण झाली. सीन नाही झाला."

मग तिनं मला शिकवलं. प्रत्येक सीनच्या डोक्यावर एकच ओळ : आत की बाहेर, जागा कोणती, दिवस की रात्र. जागा किंवा वेळ बदलली की नवा सीन. ही ओळ पाहूनच शूटिंगवाले एका जागेचे सगळे सीन एकदम उरकतात. घडतंय ते वर्तमानकाळात, लहान वाक्यांत. बोलणाऱ्याचं नाव मधोमध, खाली संवाद. साधारण एका पानाचा पडद्यावर एक मिनिट. आणि मुख्य म्हणजे, दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच लिहायचं.

मी लिहिलं होतं, "बैल विकून आल्यावर अण्णांना अतोनात दुःख झालं." ती म्हणाली, "दुःख कॅमेऱ्याला कसं दिसणार? अण्णा करत काय होते?"

मला रागच आला. पण मंडळी, खरं सांगतो, ते वाक्य म्हणजे बोगस एंट्री होती. अण्णांना काही वाटलं असेल असं मी जन्मभर मानलंच नव्हतं. देवणी जोडी, माझ्या डोळ्यांदेखत वाढलेली. ती हाळीच्या बाजारात देऊन आले आणि एक शब्द बोलले नाहीत. मी तेव्हा विशीतला. कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही. "दुःख झालं" हे नुसतं लिहायला बरं दिसतं म्हणून लिहिलेलं.

मग डोळे मिटून बसलो. दोन दिवसांनी हे पाठवलं :

बाहेर. गोठा. संध्याकाळ.
अण्णा येतात. हातात दोन रिकामी दावी. दावी खुंटीला अडकवतात. आडावर जातात. आडाला पाणी थोडंच, पोहरा खाली खरवडतो. एक बादली भरून आणतात, डोणीत ओततात. दुसरी आणतात. ओततात. डोणीपाशी उभे राहतात. आई दारात येते.

आई
पानी कोनासाठी भरलालाव?

अण्णा रिकामी बादली पालथी घालतात. तिच्यावर बसतात.

तिचा मेसेज आला, "आबा, आता एक शब्दही बदलू नका."

मी हे तेव्हा ओसरीवरून पाहिलं होतं बघा. पाहिलं, आणि पन्नास वर्षं मोजलंच नाही. अण्णा जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

तुम्हीही घरातलं लिहीत असाल, तर कोणाला काय वाटलं ते मागनं लिहा. आधी त्यांचे हात काय करत होते, ते आठवा.