झेरॉक्सचे पैसे

परवा कपाट आवरताना मामीच्या आजारपणातली वही सापडली. खर्च मीच लिहून ठेवायचे. गंमत म्हणजे त्यात ऑपरेशनचा आकडाच नाही! स्तनाचा कॅन्सर होता, पण केशरी रेशनकार्डावर ऑपरेशन, केमो, शेक, सगळं महात्मा फुले योजनेत झालं. (२०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली ती हीच. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख, आता मर्यादा पाच लाखांची.) सरकारला नावं ठेवायची आपल्याला सवय, म्हणून हे आधी सांगितलं.

मग वही भरली कशाने? पाथर्डी-पुणे एसटी. रिक्षा. झेरॉक्स... झेरॉक्सच्या तर किती नोंदी! बायोप्सीच्या रिपोर्टशिवाय मंजुरी नाही, म्हणून मॅमोग्राफी आणि बायोप्सी खिशातून. शेक आठवड्यातले पाच दिवस, म्हणजे पुण्यात खोली आली. मामीबरोबर मामा, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. ती मी लिहिलीच नव्हती.

पण खरा खर्च वहीच्याही आधीचा. गाठ दसऱ्यालाच हाताला लागली होती. तेव्हा मुकादमाची उचल घेऊन झालेली. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. तिने खाडा केला की मामाचंही काम अडणार, वर खाड्याचे पैसे कापणार. "दुखत तर नव्हती, मग कशाला सांगू?" असं मामीचं म्हणणं. पाडव्याला गावी आली तेव्हा काखेतही गाठी होत्या. डॉक्टर म्हणाले, आधी केमो, मग ऑपरेशन.

मुंबईत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून वीस वर्षं दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या बायका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासायच्या, मशीन नाही. तिथे आजार लवकर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमधले मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. वाचताना मला जामखेडच आठवलं. आमच्याच जिल्ह्यात आरोळे पती-पत्नींनी १९७० पासून गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना असंच तयार केलं होतं. म्हणजे हे आपल्याकडे जमतं.

मामी आता बरी आहे. शेळ्या पाळते, तोडीला जात नाही. तिला विचारलं, अशी कुणी तपासायला आली असती तर दाखवलं असतंस का?

"दाखवलं असतं की," म्हणाली. "पण कोपीवर कोण येतंय गं?"