मूळ फाइली पालिकेत राहू द्या

सल्लागार महोदय,


नगरपरिषदेला पाण्याची नवी योजना करायची असली की आधी तुमची नेमणूक होते. सर्वेक्षण तुमचं, प्रकल्प अहवाल तुमचा, पुष्कळदा देखरेखही तुमचीच. २०१५ साली स्मार्ट सिटी अभियान आलं तेव्हा नुसता प्रस्ताव तयार करायला केंद्राने शहरांना प्रत्येकी दोन कोटी रुपये देऊ केले. सल्लागार संस्थांची यादीही सोबत होती. यात तुमचा दोष मी मानत नाही. अभियंत्यांची पदं वर्षानुवर्षं रिकामी ठेवायची, हे तुम्ही ठरवलेलं नाही.

मी पाणीपुरवठा विभागात काम केलं आहे. एका सर्वेक्षणासाठी तुमच्यासारख्याच एका संस्थेची मुलं जीपीएस घेऊन आली, तेव्हा आमचा व्हॉल्व्हमन त्यांच्याबरोबर गल्लोगल्ली फिरला. बिडाची जुनी लाइन कुठून वळते, कुठला व्हॉल्व्ह किती फेरे उघडला की टेकडीवरच्या वस्तीत पाणी चढतं, हे त्याने जागेवर दाखवलं. नकाशा नेटका झाला. पालिकेच्या हाती मात्र छापील प्रती आणि पीडीएफच आली. व्हॉल्व्हमन निवृत्त झाला. पुढे नकाशात दुरुस्त्या करायला मूळ फाइल मागितली, तर ‘करारात तसं नाही’ असं उत्तर मिळालं. त्या नकाशातली निम्मी माहिती आमच्याच माणसाची होती!

दुसरं तुमच्या मोबदल्याचं. तो बहुतेकदा प्रकल्पाच्या किमतीवर टक्क्यांनी ठरतो. अंदाजपत्रक फुगलं की तोही वाढतो. ‘नवी टाकी नको, आधी गळती काढा’ असं तोंडावर सांगणारे सल्लागार मला भेटले आहेत. या पद्धतीत त्यांचंच नुकसान होतं. टक्केवारी तुम्हीच नाकारा, ठरावीक रक्कम मागा.

१९९३ पासून लागू असलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन आणि पाणीपुरवठा ही नगरपालिकांची कामं म्हणून नोंदली आहेत. पण मार्च २०२२ नंतर महाराष्ट्रातल्या कित्येक महापालिकांत निवडून आलेल्या सभागृहाऐवजी प्रशासकच होते. तुमच्या अहवालावर सभेत प्रश्न विचारायला नगरसेवकच नव्हते. म्हणून अहवालाचा गोषवारा मराठीत द्या आणि वॉर्डावॉर्डांत लोकांसमोर मांडा. पालिकेचा एक कनिष्ठ अभियंता पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, आकडेमोड त्याच्याकडूनही करून घ्या. आणि मूळ फाइली पालिकेच्या ताब्यात दिल्याशिवाय शेवटचं बिल लावू नका.

आपला,
पाणीपुरवठा विभागातला एक निवृत्त अभियंता