लग्नाची कॅसेट आणि आप्पांचा आवाज



माझं लग्न मे १९९३ चं. माहेर निपाणी, सासर बेळगावात शहापूरला. आप्पा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग तेव्हा परवडणारं नव्हतं, खरं आप्पांनी हट्टानं करून घेतलं. दोन हॅलोजन, वायर सांभाळायला एक पोरगं, आणि अक्षता पडताना नेमका सगळ्यांच्या पुढं उभा राहिलेला शूटिंगवाला! तीन तासांची व्हीएचएस कॅसेट. सुरुवातीला गुलाबाच्या फुलातून उगवणारे आम्ही दोघं.

त्यात पाठवणीचा एक प्रसंग आहे. मी गाडीत बसलेली, आप्पा खिडकीशी वाकून काहीतरी सांगतात. मी इतकी रडत होते की काय सांगितलं ते ध्यानातच राहिलं नाही. नंतर शेजारच्यांच्या व्हीसीआरवर कॅसेट दोनदा पाहिली, खरं त्या वेळी बायकांच्या गलक्यात कुणाला काय ऐकू येणार!

२००७ साली एका दुकानात तिची डीव्हीडी करून घेतली. दुकानदार म्हणाला, "वैनी, आता कॅसेट टाकून दिलीसा तरी चालतंय." का कोण जाणे, मी टाकली नाही. साडीच्या खोक्यात घालून माळ्यावर ठेवली.

२००९ मध्ये आप्पा गेले. दिवस झाल्यावर सगळ्या भावंडांनी मिळून डीव्हीडी लावली. चेहरे भुरकट, हलणाऱ्या माणसांभोवती चौकोन चौकोन. आणि नेमकं पाठवणीला, आप्पा खिडकीशी वाकले आणि चित्र गोठलं. आवाज गप्प. पुन्हा सुरू झालं तेव्हा गाडी निघालेली, आणि तिथून पुढं आवाज चित्राच्या मागं मागं. धाकटा भाऊ उठून बाहेर गेला.

तेरा वर्षं मी त्या दुकानाच्या जुन्या मशिनला बोल लावत बसले. २०२२ मध्ये लेकानं संगणकाला जोडायचं नवं, काडीएवढं यंत्र मागवलं. "आई, आता एकदम क्लिअर होणार बघ." कॅसेट उघडून बघतो तर फितीवर पांढरी बुरशी. बेळगावचा पाऊस, दुसरं काय! तशीच लावली असती तर व्हीसीआरचं हेड खराब, फीतही गेली असती. ओळखीच्या एका मेकॅनिक काकांनी ती हळूहळू पुसून दिली. मग घरच्या जुन्या व्हीसीआरवर लावली. चित्र थोडं बरं, खरं पाठवणीला पुन्हा तेच! गोठलं.

लेक वैतागला. काका हसले. "नव्या डबड्यापेक्षा माझा जुना कॅमेरा बरा, वैनी."

काकांनी समजावलं ते मला कळलं तसं सांगते. व्हीएचएसची फीत यंत्रात फिरते, घासते, ताणते, म्हणून तिच्यातून येणाऱ्या रेषा वेळेवर येत नाहीत, डळमळतात. स्वस्त कार्ड, जुनं असो की नवं, अशा वेळी गोंधळतं आणि फ्रेमा सोडून देतं. मग आवाज आणि चित्र यांची फारकत. दुसरं म्हणजे त्या दुकानदारानं तीन तास एकाच ४.७ जीबीच्या डिस्कमध्ये कोंबलेले. चांगल्या दर्जात त्यात तास-दोन तासच बसावेत. चौकोन त्यामुळं. आणि तिसरं, व्हीएचएसमध्ये मुळातच आडव्या बाजूनं जेमतेम २४० रेषांइतका तपशील असतो. डीव्हीडीची चौकट ७२० बाय ५७६ ची असली तरी पातेलं मोठं केलं म्हणून आमटी वाढत नाही.

काकांनी व्हीसीआरचं हेड साफ केलं, ट्रॅकिंग जुळवलं. मधे त्यांचा जुना मिनी डीव्ही कॅमेरा जोडला. त्यात बाहेरचं सिग्नल आत घ्यायची आणि ते सांभाळून डिजिटल करायची सोय होती. त्याची फायरवायर नवीन लॅपटॉपला बसेना, म्हणून अडगळीतला जुना संगणक काढला. तासाला साधारण १३ जीबी जागा लागली. तीन तास आम्ही चहा घेत समोर बसून होतो.

पाठवणी आली. चित्र एकदा थरथरलं, पण गोठलं नाही. आप्पा वाकले. मागं बँड, तरी शब्द कळले:

"पोळ्या पिशवीत ठेवल्यात. तवंदी घाट उतरल्यावर खा. आधी नको, तुला गाडी लागते."

एवढंच! आम्हा भावंडांना वाटायचं, आप्पांनी काहीतरी मोठा उपदेश केला असणार. मी हसले, आणि मग बराच वेळ बोलले नाही. काकांनी न विचारता मागं घेऊन पुन्हा लावलं.

धाकट्याला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "आक्का, पोळ्या खाल्लीस काय गं तू?" ते काही केल्या आठवत नाही.

मंडळी, तुमच्या माळ्यावर अशी कॅसेट असेल तर डीव्हीडी केली म्हणून टाकू नका. बुरशी दिसली तर यंत्रात घालू नका, आधी जाणकाराला दाखवा. यंत्र जुनं की नवं यापेक्षा चालवणारा कोण, आणि व्हीसीआरचं हेड स्वच्छ आहे का, ते विचारा. एका डिस्कमध्ये सगळं कोंबू नका, मूळ मोठी फाइल दोन ठिकाणी ठेवा. आणि फार थांबू नका. शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनंही २०१६ च्या जुलैत ते बंद केले. काकांसारखी माणसंही आता थोडीच उरलीत.

तुमच्या कॅसेटीत कुणाचा आवाज आहे? लिहा की.