थरथर नेमकी कधी?

कला शाखेत राहून तर्कशास्त्र घेणाऱ्याकडे लोक जरा दयेनेच पाहतात. "याचा पुढे उपयोग काय?" हा प्रश्न ठरलेला. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कारण शोधण्याच्या पाच पद्धती मांडल्या. अन्वय, व्यतिरेक, सहचारी परिवर्तन अशी भारदस्त नावे आपण पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि निकालानंतर सोयीस्करपणे विसरतो. पण याच पद्धतींनी गेल्या श्रावणात आमच्या घरची चूल विझता विझता राहिली. आणि त्या वापरणाऱ्या माणसाने मिलचे नावही ऐकलेले नव्हते!

माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, भाड्याची गाडी चालवतात. पिवळ्या पाटीची, पेट्रोलवरची, बऱ्यापैकी जुनी. पाटणहून कधी कऱ्हाडला, कधी कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला. कुणाचे आजारपण, कुणाचे लग्न, कुणाची कोर्टाची तारीख. आमचे घर त्या चार चाकांवर चालते आणि माझी फीसुद्धा.

श्रावणात त्या गाडीला थरथर सुटली. सपाटीला गाडी गुणी. पण चिपळूणहून परतताना घाट लागला आणि आबांनी ॲक्सिलरेटर दाबला, की हिव भरल्यासारखी कापायची. एकदा मागे बसलेल्या म्हातारीने मोठ्याने देवाचा धावाच सुरू केला. अशी बातमी गावात पसरायला वेळ लागत नाही. भाडी कमी झाली.

एका गॅरेजात गाडी नेली. तिथे गाडी न चालवताच निदान झाले : "क्लचप्लेट गेली. इंजिनाची फाउंडेशनंही बदलून टाका." खर्चाचा आकडा आमच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढा. आबा तिथे काही बोलले नाहीत. रात्री मात्र आईला हळूच म्हणाले, "विकूनच टाकावी म्हणतो." मी भिंतीकडे तोंड करून ते ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी आबा त्यांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेले. मीही सोबत होतो. मिस्त्रींनी बॉनेटला हातही लावला नाही. म्हणाले, "थरथरती हे कळलं. पण कधी थरथरती, ते सांगा."

मग ते स्वतः गाडीत बसले. चढावर गाडी उभी करून पहिल्या गिअरमध्ये सावकाश उचलली. थरथर नाही. "क्लचचा दोष असता तर गाडी उचलतानाच अंग झाडलं असतं." पुढे वेग घेऊन गिअर काढला आणि उतारावर गाडी नुसती सोडली. शांत. "म्हणजे चाकांचं बॅलन्सिंगही न्हाई." मग त्याच वेगात एकदा दुसऱ्या गिअरमध्ये आणि एकदा वरच्या गिअरमध्ये चढ घेतला. चाकांचा वेग सारखाच. पण वरच्या गिअरमध्ये इंजिनावर ओझे वाढले आणि थरथरही वाढली. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या दांड्याचा सांधा झिजला असता, तर हादरे चाकांच्या फेऱ्यांच्या तालात बसले असते. हे हादरे बेताल होते, हुंदक्यांसारखे. त्यातच समोरचा इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करू लागला. "मिस मारतंय," मिस्त्री म्हणाले.

मित्रहो, हे सहचारी परिवर्तन नव्हे तर दुसरे काय?

स्कॅनर लावला. त्यावर उमटले : पी ०३०३. म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. मला वाटले, संपले काम. मिस्त्री हसले. "यंत्र घर दाखवतं, चोर आपण धरायचा." त्यांनी तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर बसवली आणि पहिल्याची तिसऱ्यावर. बाकी कशालाही हात लावला नाही. पुन्हा चढ, पुन्हा स्कॅनर. दोष तिसऱ्यातच राहिला. म्हणजे कॉइल निर्दोष. मग तिसऱ्याचा स्पार्क प्लग दुसऱ्यात घातला. या खेपेला स्कॅनरवर पी ०३०२! प्लगबरोबर दोषानेही घर बदलले होते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सारे जसेच्या तसे ठेवायचे. ही तर शुद्ध व्यतिरेक पद्धती.

मिस्त्रींनी तो प्लग उजेडात धरला. पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी तडा गेलेली काळी रेघ होती. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल जास्त भरते आणि दाब वाढतो. मग ठिणगीला प्लगच्या फटीतून उडी मारणे जड जाते. जवळच तड्याची सोपी वाट असली, की वीज तिथूनच पळते. सपाटीला दाब कमी, म्हणून गाडी गुणी! न जळलेले पेट्रोल मात्र धूर शुद्ध करणाऱ्या भांड्यात जाऊन पेटते आणि ते महागडे भांडे जाळते. म्हणूनच दिवा लुकलुकला की दिवस ढकलू नयेत.

चारही प्लग जुने झाले होते. नवे चार आणले, त्यांची फट पात्यांच्या गेजने मोजून बसवले. सारा खर्च काही शे रुपये. मिस्त्रींनी मजुरी घेतली तीही आबांनी हातात कोंबली म्हणून.

तेव्हापासून एक गोष्ट मला सारखी खटकते. एखादा विद्यार्थी नापास झाला की आपण लगेच म्हणतो, "त्याला डोकंच नाही." एखादी मुलगी कॉलेज सोडते, आपण म्हणतो, "आवडच नव्हती." गाडी न चालवताच क्लचप्लेट गेल्याचे सांगण्यासारखेच हे! तो कोणत्या विषयात अडतो, केव्हापासून अडतो, त्याच्यावर कसले ओझे पडले की अडतो, हे विचारायला कुणाला सवड असते? सपाटीला सगळेच बरे चालतात. दोष चढावर दिसतो. आणि तो पाहायचा तर शेजारी बसून चढ चढावा लागतो.

आबांची गाडी आता घाट निमूट चढते. आणि "तर्कशास्त्राचा उपयोग काय?" असे कुणी विचारले, की मी त्याला मिस्त्रींच्या गॅरेजचा पत्ता देतो.