जरा मागे घे

ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर गेल्याची बातमी ऑगस्ट २०२५ मध्ये वाचली आणि डोळ्यांसमोर आला तो सिल्व्हेस्टर स्टॅलोन. उघडाबंब, घामानं निथळणारा, कपाळाला लाल पट्टी. परुळकर एकाहत्तरच्या लढाईत पाकिस्तानच्या कैदेत पडलेले हवाई दलाचे वैमानिक. त्यांची आठवण यावी तर ती रॅम्बोला ढकलून यावी लागते, याचा मला थोडा रागच आला. पण माझ्या डोक्यातलं कपाट असंच लावलेलं आहे. ‘युद्धकैदी’ हा कप्पा उघडला की सगळ्यात वर ‘रॅम्बो’ची कॅसेट.

ही कॅसेट मी साताऱ्यात पाहिली, गणपतीत. आळीत वर्गणी काढून एका रात्रीसाठी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचा, आणि भाडं वसूल व्हावं म्हणून उजाडेपर्यंत तीन पिक्चर बघायचे. पहिला घरच्या सगळ्यांसाठी, म्हणजे रडका. दुसरा अमिताभचा. तिसरा मध्यरात्रीनंतर, आम्हा पोरांसाठी, इंग्रजी. इंग्रजी आमच्यापैकी कुणालाच धड येत नव्हतं. रॅम्बोला ते चालायचं, तो तरी कुठं बोलतो.

व्हीसीआरचा ताबा माझ्या आत्याच्या मुलाकडे. त्यानं पिक्चर आधी कुठंतरी पाहिलेला, त्यामुळे कुठं काय आहे हे त्याला पाठ. माणसं बोलायला लागली की तो बटण दाबून चित्र पुढं पळवायचा. पडद्यावर पांढऱ्या रेघा उठायच्या, माणसं तुरुतुरु चालायची, आणि मारामारी आली की चित्र पुन्हा जाग्यावर. त्या रात्री मागं खुर्ची टाकून आळीतले सुभेदार बसले होते. लष्करातून निवृत्त झालेले. झोप येत नाही म्हणून आले होते.

रॅम्बो रात्री छावणीत शिरतो. बांबूच्या पिंजऱ्यात काही दाढीवाले, हाडं वर आलेले गोरे लोक दिसतात. आत्याच्या मुलानं बटण दाबलं. सुभेदार म्हणाले, “अरे, जरा मागे घे. ती माणसं बघू दे.”

“काका, इथं काही नाही. पुढं हेलिकॉप्टर आहे.”

“हेलिकॉप्टर मी बघितलंय. माणसं दाखव.”

त्यानं दाखवली नाहीत. हेलिकॉप्टर आलं, शिट्ट्या पडल्या. मीही वाजवली असेल. त्या आत्याच्या मुलाबद्दल माझ्या मनात तेव्हापासून जी अढी बसली ती आजतागायत आहे. आता तो आजोबा झाला, रिमोट अजून त्याच्याच हातात असतो.

पुढं ती फिल्म मी एकट्यानं, न पळवता पाहिली. सुभेदारांना दाखवण्यासारखं तिच्यात फारसं नव्हतंच. कैद्यांच्या वाट्याला थोडीच वाक्यं. ते पिंजऱ्यातून निघतात, हेलिकॉप्टरमध्ये पडून राहतात, तळावर उतरतात आणि संपतात. नंतर कॅमेऱ्याला त्यांच्याशी फारसं कर्तव्य नाही, कारण रॅम्बोला अजून ऑफिसातले कॉम्प्युटर मशिनगननं फोडायचे असतात. हा प्रसंग त्या रात्री पळवलेला नव्हता. सुभेदार म्हणाले होते, “सरकारी मालमत्ता आहे. ह्याच्या पेन्शनीतून कापतील.”

युद्धकैदी सोडवून आणण्याचे असे चित्रपट लागोपाठ आले. १९८३ मध्ये ‘अनकॉमन व्हॅलर’, त्यात जीन हॅकमन हरवलेल्या मुलाच्या शोधात माणसं जमवून लाओसमध्ये शिरतो. १९८४ मध्ये चक नॉरिसचा ‘मिसिंग इन अ‍ॅक्शन’, त्यातलं व्हिएतनाम म्हणजे फिलिपाइन्स. १९८५ मध्ये रॅम्बोचा दुसरा भाग, त्यातलं व्हिएतनाम मेक्सिकोत. तिघांचं म्हणणं एकच: लढाई संपली, पण आपली माणसं अजून तिकडं पिंजऱ्यात आहेत आणि दिल्लीत— चुकलो, वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या बाबूंना ती परत नको आहेत.

खरं काय होतं? व्हिएतनाम युद्धाच्या शेवटी झालेल्या पॅरिस करारानंतर १९७३ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ५९१ अमेरिकन कैदी घरी आले. अडीच हजारांवर लोकांचा हिशेब लागत नव्हता. त्याआधी, नोव्हेंबर १९७० मध्ये, अमेरिकी कमांडो हनोईजवळच्या सोन ताय छावणीवर खरोखरच उतरले होते. धाड अचूक, वेळ अचूक, आणि छावणी रिकामी. कैद्यांना काही महिन्यांपूर्वीच दुसरीकडे हलवलं होतं. मला वाटतं, पुढचे हे सगळे चित्रपट ती रिकामी छावणी भरण्यासाठीच काढले. १९८२ मध्ये बो ग्रिट्झ नावाचा निवृत्त लष्करी अधिकारी माणसं घेऊन लाओसमध्ये गेलाही. त्याला म्हणे क्लिंट ईस्टवूडनं पैसे दिले होते. कैदी मिळाला नाही. शेवटी सेनेटची समिती बसली, अध्यक्ष जॉन केरी, सभासदांत हनोईच्या तुरुंगात साडेपाच वर्षं काढलेले जॉन मकेन. जानेवारी १९९३ च्या अहवालात त्यांनी सांगितलं की कुणी अजून जिवंत कैदेत असल्याचा पटण्याजोगा पुरावा नाही. कैद्यांसाठीचा तो काळा झेंडा मात्र अमेरिकेत सरकारी इमारतींवर आजही लागतो.

सुभेदारांना त्या पिंजऱ्यात काय बघायचं होतं, ते मला नंतर कळलं. बांगलादेशच्या लढाईनंतर ते उत्तरेकडच्या एका कॅम्पात पाकिस्तानी कैद्यांवर पहाऱ्याला होते. सुमारे ९३ हजार माणसं आपल्याकडे होती. सिमला करार जुलै १९७२ चा, तरी ती सगळी परत जायला १९७४ चा एप्रिल उजाडला. मी विचारलं, कैदी पळून जायचा विचार करतात का? “करतात की. जेवण झालं की करतात.” आणि बाकीचा वेळ? “बाकीचा वेळ डाक आली का विचारतात.” माझी निराशा झालेली दिसली असावी, कारण एकदोघं पळालेही होते असं त्यांनी वर घातलं. ते मला मजेसाठी सांगितलं की खरं, कोण जाणे.

परुळकर मात्र खरे पळाले होते. रावळपिंडीच्या कॅम्पातून, १३ ऑगस्ट १९७२ च्या रात्री, खोलीच्या भिंतीला भोक पाडून, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासोबत. विमान पडण्याच्या कितीतरी आधी त्यांनी आपल्या वरिष्ठाला सांगून ठेवलं होतं की मी पकडलो गेलो तर पळून येईन. कैदी म्हणून मिळणाऱ्या भत्त्यातून पैसे साठवले, चुंबकाचं होकायंत्र घरच्या घरी केलं. बसनं पेशावर, तिथून लंडी कोतल. अफगाण सरहद्द काही मैलांवर. एका चहाच्या दुकानापाशी त्यांनी लंडी खानाला जायची चौकशी केली. नकाशावर रेल्वे तिथवर जात होती. पण तो नकाशा जुना होता. लंडी कोतलपुढची ती रेल्वे १९३२ मध्येच बंद पडलेली. नसलेल्या स्टेशनाचा पत्ता विचारणारे हे तिघे कोण, म्हणून तहसील कचेरीतल्या एका कारकुनाला संशय आला. त्याला ते पळून चाललेले बंगाली वाटले. तिथंच संपलं. गोळी नाही, धूर नाही, चहा आणि कारकून. आत्याच्या मुलानं हा अख्खा भाग पळवला असता.

ते परत आले ते १ डिसेंबर १९७२ ला, वाघ्यावरून, बाकीच्या कैद्यांबरोबर, सह्या झालेल्या कागदांच्या जोरावर.

सगळेच आले नाहीत. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचं सुखोई विमान ५ डिसेंबर १९७१ ला शोरकोटवर पडलं. पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावं तिकडच्या एका वर्तमानपत्रात छापून आली, त्यात हे नाव होतं, स्पेलिंग जरा बिघडलेलं. त्यांची पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनमधली राष्ट्रीय विजेती, अर्जुन पुरस्कार मिळवलेली. लग्नाला दोन वर्षंही झालेली नव्हती. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. मेजर अशोक सुरी यांच्या वडिलांना तर मुलाची पत्रं आली, कराचीहून, लढाई संपून तीन-चार वर्षं झाल्यावर. हस्ताक्षर त्याचंच आहे असं सरकारनंही मानलं आणि ‘मृत’ खोडून ‘बेपत्ता’ केलं. बाप झालेल्या हॅकमनला निदान पैसेवाला मित्र भेटतो, हेलिकॉप्टरं भेटतात. सुरींच्या वडिलांनी अर्ज केले. परत न आलेल्या जवानांची आपली ‘चौपन्न बेपत्ता’ची यादी अशी तयार झाली, आणि ‘अनकॉमन व्हॅलर’ आला त्याच १९८३ मध्ये नातेवाईकांची एक तुकडी मुलतानचा तुरुंग बघून आली. कुणी सापडलं नाही.

अमेरिकेनं पत्र नसताना इतके सिनेमे काढले आणि आपण पत्र असून मोजकेच, तेही उशिरा. २००४ चा ‘दीवार’ मला आवडत नाही. त्यात अमिताभ कैदेत आहे, पण कैदेत असलेला अमिताभ हा अमिताभच असतो, आणि अक्षय खन्ना सरहद्द ओलांडून बापाला सोडवायला निघतो तो आळीतून दूध आणायला निघाल्यासारखा. २००७ चा ‘१९७१’ वेगळा. मनोज बाजपेयी आणि सोबती कॅम्पातून पळतात, बर्फातून चालत राहतात, आणि त्यांना सोडवायला कुणीही येत नाही. आला कधी, गेला कधी, कळलं नाही. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लोकांनी तो पाहिला २०२० च्या लॉकडाउनमध्ये, यूट्यूबवर, फुकट. त्याच २००७ च्या जूनमध्ये चौदा नातेवाईक पुन्हा पाकिस्तानातले तुरुंग बघायला गेले होते. परत आले तेही हात हलवत.

आता दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश आपापल्या तुरुंगांतल्या एकमेकांच्या नागरी कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. बेपत्ता जवानांचा विषय आपल्या निवेदनात तेव्हाही असतो, पण तिकडून येणाऱ्या यादीत भरणा मच्छीमारांचा. त्यांत आपल्या पालघरचेही असतात. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून गेलेले. समुद्रात रेघ दिसत नाही, पलीकडे गेलं की पाकिस्तानी नौका पकडते आणि कराचीला नेते. शिक्षा संपली तरी सुटका नाही, कारण हा माणूस भारतीयच आहे हे आपल्याकडून कागदावर कळवावं लागतं. तो कागद यायला शिक्षेपेक्षा जास्त वेळ लागू शकतो. मग एखाद्या दिवशी दोन्ही सरकारांचं बरं चाललेलं असलं की शेपन्नास लोक सुटतात. कराची ते लाहोर रेल्वे, तिथून वाघा. तिकडचे सेवाभावी एधी फाउंडेशनवाले वाटखर्चाला पैसे देतात, खायला देतात. बोट तिकडेच राहते. खलाशाची ती कधी नव्हतीच, त्यामुळे तिच्यासाठी आरडाओरडा मालक करतो, आणि खलाशी घरी येऊन कर्ज किती झालं ते मोजतो. पावसाळा संपला की त्यांतले काहीजण पुन्हा गुजरातच्या बोटींवर, ओख्याला जातात.