महापालिका म्हणजे ग्रामसभा नव्हे

बोरिवलीच्या जंगलाला चिकटलेल्या वस्त्यांत आम्ही काम करतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची वस्तीलगतची जमीन वनखात्याकडून काढून महापालिकेकडे द्यावी, असे आता आमचेच तरुण कार्यकर्ते बैठकीत म्हणू लागले आहेत. नळ येईल, संडास होतील. शिवाय नगरसेवक आपल्या मतांवर निवडून येतो, वनाधिकारी येत नाही. आमचा याला विरोध आहे.

वनखात्याच्या प्रेमापोटी नव्हे. १९९७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उद्यानातल्या हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. पुनर्वसन हवे तर १ जानेवारी १९९५ पूर्वी मतदार यादीत नाव हवे, वर सात हजार रुपये भरायचे. नाक्यावर काम शोधणाऱ्याने ते कुठून आणायचे होते?

तरीही ‘स्थानिक’ या शब्दाला भुलू नका. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडे बोल सुनावले, ते उगाच नाही. सत्ता जवळ आली म्हणून आपली होत नाही. गावात ती पाटलाच्या वाड्यावर थांबते, शहरात बिल्डरच्या ऑफिसात. समाजशास्त्राच्या वर्गात हे आम्ही वाचले. वॉर्ड ऑफिसचे हेलपाटे घालताना अंगी लागले.

आरे आठवा. ऑगस्ट २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी झाडे हटवायला मंजुरी कोणी दिली? महापालिकेच्याच वृक्ष प्राधिकरणाने. ४ ऑक्टोबरला न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालल्या. आणि ‘निवडून आलेला नगरसेवक’ म्हणाल, तर मार्च २०२२ नंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ मुंबईत नगरसेवकच नव्हता, प्रशासक होता.

राष्ट्रीय उद्यानाची हद्द बदलायला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. एवढी तरी आडकाठी आहे. पालिकेच्या भूखंडाचे आरक्षण विकास आराखड्यातल्या फेरबदलाने उडते. मग ‘सुशोभीकरण’ येते, फाटक येते, आणि रानभाजी विकणारी वारली बाई फाटकाबाहेर. (कान्हेरीत भिक्खूंनी खोदलेल्या पोढींत आजही पाणी साठते. सुशोभीकरणवाल्यांनी ते एकदा बघून यावे.)

राहिला नळाचा प्रश्न. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये बेकायदा ठरवलेल्या झोपड्यांनाही पाणी देण्यास पालिकेला सांगितले. म्हणजे पाण्यासाठी जमिनीची मालकी बदलावी लागत नाही. तो निकाल हातात घेऊन भांडावे लागते.

पाड्यांतल्या आदिवासींसाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे, त्यात दाव्यांची सुरुवात ग्रामसभेपासून होते. आपल्या वस्त्यांना मात्र तो कायदा तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांचा पुरावा मागतो. बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेल्या माणसाकडे तो कुठून असणार? म्हणून आपली मागणी वेगळी हवी : जवळच पक्के घर, आणि घराची किल्ली हातात पडेपर्यंत एकही झोपडी पाडायची नाही. पाड्यांतली माणसे सोबत असतील तरच ही मागणी टिकेल. जमीन पालिकेकडे मागितली, तर पहिले भांडण त्यांच्याशीच होईल.